सूक्ष्म अणुभट्टीतून वीज आणि ऊब: काय जमतं, कुठे अडतं

साखर कारखान्याच्या सहवीज विभागात काम करणाऱ्या, सांगलीकडच्या एका अभियंत्याचा प्रश्न असा आहे: "पाच-दहा मेगावॉटची, कंटेनरमधून येणारी अणुभट्टी कारखान्याशेजारी बसवली, तर कारखान्याला वाफ आणि आसपासच्या गावांना वीज असं दोन्ही मिळेल का? दहा वर्षं इंधन भरावं लागत नाही म्हणतात. उत्तर ध्रुवाजवळच्या गावांत असं चालूही आहे, हे खरं का?"

आधी सरळ उत्तर देतो. अशा भट्ट्या बांधता येतात, बांधल्या गेल्या आहेत, आणि सैबेरियाच्या टोकावरचं एक गाव अशा भट्ट्यांनी चार दशकांहून जास्त काळ ऊबदार ठेवलं. तुमच्या कारखान्याला मात्र ती बसणार नाही. दोन्हींचं कारण एकच: भट्टीतून निघणाऱ्या उष्णतेला बारा महिने, चोवीस तास गिऱ्हाईक आहे की नाही.

मी अणुशास्त्रज्ञ नाही. नोकरीची पहिली सहा वर्षं कोल्हापूरकडे बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, बॉयलरवर गेली. त्यानंतरची चोवीस उत्तर कॅनडात, डिझेल पॉवरहाउस आणि त्यांच्याशी जोडलेली गरम पाण्याची जाळी सांभाळण्यात. गेल्या दहा वर्षांत सूक्ष्म अणुभट्टीच्या चार अभ्यासांत उष्णतेची बाजू बघायला मला बसवलं. त्यामुळे मी या विषयाकडे नळाच्या टोकापासून भट्टीकडे बघत येतो, आणि उत्तरही तसंच असणार.

सहवीज म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही. उसाच्या कारखान्यात वाफ आधी टर्बाइनमधून जाते, वीज करते, आणि दाब उतरलेली तीच वाफ पुढे रस आटवायला जाते. अणुभट्टीचंही तसंच. ती मुळात फक्त पाणी किंवा वायू तापवते. आलेल्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा वीज होते, उरलेले दोन हिस्से कंडेन्सरमधून समुद्रात, नदीत किंवा हवेत जातात. हजार मेगावॉटच्या भट्टीला हे परवडतं, कारण तिची वीज प्रचंड असते. पाच मेगावॉटच्या भट्टीने उरलेली दहा मेगावॉट उष्णता हवेत सोडली, तर ती कर्ज फेडू शकत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने सूक्ष्म भट्टीचा मुख्य माल ऊब आहे. वीज हा जोडधंदा.

आता उत्तरेकडे जाऊ. कॅनडाच्या नुनावुट प्रदेशात २५ वस्त्या आहेत. एकीचंही दुसरीशी विजेच्या तारेने नातं नाही, रस्त्यानेही नाही. प्रत्येकीचं स्वतःचं डिझेल पॉवरहाउस. समुद्राचा बर्फ फुटला की उन्हाळ्यात जहाज येतं, वर्षभराचं डिझेल टाक्यांत भरून जातं. एक लिटर डिझेलमधून चांगलं जनरेटर साडेतीन-पावणेचार युनिट वीज काढतं. म्हणजे सरासरी एक मेगावॉट लागणाऱ्या वस्तीला नुसत्या विजेसाठी वर्षाला सुमारे २४ लाख लिटर हवं. घरं तापवायचं तेल वेगळं, आणि बहुतेक ठिकाणी तेच जास्त असतं. टाकी गळली, जहाज अडलं, तेलाचा भाव चढला की सगळ्या गावाच्या पोटात गोळा येतो. बाहेर उणे चाळीस असताना ऊब ही चैन राहत नाही, तिच्यावर माणसाचा जीव असतो.

या हिशोबासमोर युरेनियम ठेवून बघा. पंधरा मेगावॉट उष्णतेची भट्टी, म्हणजे साधारण पाच मेगावॉट विजेची, दिवसाला सोळा ग्रॅमच्या आसपास युरेनियम-२३५, म्हणजे युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार, फोडते. दीड तोळा धरा. तेवढीच उष्णता डिझेल जाळून हवी असेल तर दिवसाला ३६ हजार लिटर लागेल. दहा वर्षांचं इंधन एकदाच भरण्याची भाषा या गुणोत्तरातून येते. भौतिकशास्त्राच्या बाजूने त्यात अतिशयोक्ती नाही.

तुम्ही वाचलेलं गाव बहुधा रशियाच्या चुकोत्कामधलं बिलिबिनो असणार. सोन्याच्या खाणींसाठी वसलेलं, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला. तिथे १९७४ ते १९७६ या काळात चार भट्ट्या सुरू झाल्या. प्रत्येकीची वीज १२ मेगावॉट, उष्णता ६२ मेगावॉट. ग्रॅफाइटच्या गाभ्यातून जाणारं पाणी पंपाशिवाय, तापल्यावर आपोआप वर चढून फिरतं. दुर्गम जागी पंप जितके कमी तितकं बरं, हे ज्याने हिवाळ्यात पंपाचं सील बदललंय त्याला पटेल. टर्बाइनमधून मधेच काढलेल्या वाफेने पाणी तापवायचं आणि ते नळांनी गावात न्यायचं, अशी व्यवस्था. पहिली भट्टी २०१९च्या सुमारास कायमची बंद झाली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, चुकोत्कातल्याच पेवेक बंदरात दुसरी सोय सुरू झाली: अकादेमिक लोमोनोसोव हा तरंगता अणुप्रकल्प. १४४ मीटर लांब, ३० मीटर रुंद, स्वतःचं इंजिन नसलेला तराफा. त्यावर बर्फफोड्या जहाजांवरच्या भट्ट्यांच्या घराण्यातल्या दोन केएलटी-४०एस भट्ट्या, प्रत्येकी ३५ मेगावॉट. सेंट पीटर्सबर्गला बांधला, मुर्मान्स्कला इंधन भरलं, आणि २०१९च्या उन्हाळ्यात ओढत पेवेकला नेला. २०२०पासून तो गावाच्या नळांना गरम पाणीही देतो. आकाराने याला 'सूक्ष्म' म्हणता येणार नाही, पण एकाकी जागी वीज आणि ऊब दोन्ही देणारा आज चालू असलेला सगळ्यात नवा नमुना तोच आहे.

या दोन गावांची आणखी एक गोष्ट व्यवहार्यतेच्या अहवालांत क्वचित येते, म्हणून इथे थांबतो. बिलिबिनोची लोकसंख्या १९८९मध्ये पंधरा हजारांवर होती. २०१०च्या जनगणनेत ती साडेपाच हजारांवर आली. पेवेकमध्येही असंच झालं: तेरा हजारांच्या जवळून चार हजारांवर. सोव्हिएत संघ गेला, खाणी आक्रसल्या, लोक दक्षिणेला निघून गेले. भट्ट्या मात्र तेवढ्याच राहिल्या. डिझेलचं पॉवरहाउस असतं तर चारातली दोन यंत्रं उचलून दुसऱ्या गावात नेली असती. अणुभट्टीचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशीच झालेला असतो आणि तो कमी विजेवर, कमी उबेवर वाटला की दर चढतो. म्हणून कोणी मला विचारलं की अशा प्रकल्पात सगळ्यात मोठा धोका कोणता, तर मी किरणोत्साराचं नाव आधी घेत नाही. वीस वर्षांनी ते गाव किती मोठं असेल हा प्रश्न आधी विचारतो.

आता लहानपणाचा भट्टीला होणारा फायदा आणि तोटा. दोन्ही एकाच भूमितीतून येतात. गोळा लहान केला की त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो. गरम बटाटा लवकर निवतो, गरम भोपळा वेळ घेतो, तसं. भट्टी बंद केली तरी आत साठलेले विखंडनाचे, म्हणजे अणू फुटण्याचे, अवशेष उष्णता सोडत राहतात: बंद केल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या घरात, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. हजार मेगावॉट विजेच्या भट्टीत, जिची उष्णता तीन हजार मेगावॉट असते, दिवसानंतरही पंधरा मेगावॉट उरतात. पंप बंद पडले तर काय होतं हे जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्राने २०११मध्ये दाखवलं. पंधरा मेगावॉट उष्णतेच्या भट्टीत दिवसानंतर पाऊणशे किलोवॉट उरतात. तेवढी उष्णता भांड्याच्या भिंतीतून, आजूबाजूच्या हवेतून, कोणी बटण न दाबताही निघून जाऊ शकते, अर्थात रचना नीट केली असेल तर. छोट्या भट्ट्यांच्या सुरक्षिततेबद्दल जे बोललं जातं त्यातला हा भाग मला मनापासून पटतो.

पण ज्या पृष्ठभागातून उष्णता निघते त्यातूनच न्यूट्रॉनही, म्हणजे पुढचा अणू फोडणारे कणही, निसटतात. लहान गाभ्यात साखळी चालू ठेवायची तर इंधन जास्त समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५चं प्रमाण जास्त असलेलं, लागतं. मोठ्या भट्ट्या तीन ते पाच टक्के युरेनियम-२३५वर चालतात. बहुतेक सूक्ष्म भट्ट्यांना वीस टक्क्यांच्या अगदी खालपर्यंत जावं लागतं. हे इंधन व्यापारी प्रमाणावर विकणारा देश बरीच वर्षं एकटा रशिया होता. अमेरिकेत ओहायोतल्या पाइकटन इथे २०२३च्या अखेरीस उत्पादन सुरू झालं, पहिली खेप होती वीस किलोची. तुलनेसाठी सांगतो: सूक्ष्म भट्टीच्या एका गाभ्याला असं युरेनियम शेकड्यांनी किंवा हजारांनी किलो लागतं. भट्टी कंटेनरमध्ये मावते, पण इंधन कुठून येणार याचा करार हातात नसेल तर तो कंटेनर रिकामाच उभा राहील.

कंटेनरबद्दलही एक गोष्ट. येताना ती भट्टी कंटेनरमध्ये येऊ शकते, कारण न वापरलेलं युरेनियम जवळ उभं राहण्याइतकं निरुपद्रवी असतं. चालू केल्यावर तिच्याभोवती काँक्रीट, पाणी किंवा मातीचा जाड थर लागतो, आणि एकदा चालवलेली भट्टी पुन्हा ट्रकवर चढवायची तर आधी बराच काळ थंड होऊ द्यावी लागते, मग शिशा-पोलादाच्या जड कवचातून न्यावी लागते. चित्रात दिसणारा ट्रक ही एका दिशेची वाहतूक आहे असं समजा.

आता माझा खरा विषय: नळ आणि भार.

गावाची उष्णतेची गरज वर्षभराच्या ८,७६० तासांवर मांडली, सगळ्यात थंड तास डावीकडे आणि सगळ्यात उबदार उजवीकडे, तर एक उतरती घसरगुंडी दिसते. डावीकडचं टोक उंच पण अरुंद. अशा आलेखावर काम करणारा प्रत्येक माणूस एक नियम शिकतो: शिखराच्या निम्म्या क्षमतेचं यंत्र बसवलं तर वर्षभराच्या उष्णतेचा ऐंशी ते नव्वद टक्के भाग ते एकटं देतं. उरलेले थोडे तास तेलाचे बॉयलर भागवतात. म्हणून अणुभट्टी कधीही शिखराएवढी घ्यायची नाही. पैसे जास्त लागतात आणि वर्षातले अकरा महिने ती अर्धवट चालते. मी पाहिलेल्या चारपैकी दोन अभ्यासांत भट्टी आधी निवडली होती आणि आलेख मागून काढला होता. दोन्ही वेळा भट्टी गरजेच्या दुप्पट निघाली.

तेलाचे बॉयलर ठेवायचे म्हटलं की लोक नाराज होतात. "मग डिझेल सुटलं कुठे?" जळण्यातून सुटलं, टाकीतून नाही. भट्टी तपासणीसाठी, इंधनासाठी किंवा बिघाडाने कधीतरी बंद होणारच, आणि ती जानेवारीतच बंद होईल असं धरून चालायचं असतं. पर्यायी उष्णता शंभर टक्के हवी आणि ती मुख्य यंत्रावर कशासाठीही अवलंबून नको.

यातली दुसरी गोष्ट मी किंमत मोजून शिकलो. उत्तरेत माझं तिसरं वर्ष होतं. एका वस्तीत जनरेटरच्या थंडाव्याच्या पाण्यातली उष्णता काढून शाळा आणि दवाखाना तापवायची योजना मी आखली होती. ती उष्णता थांबली तर तेलाचा बॉयलर सुरू व्हावा, अशी तजवीज केली होती. बॉयलर उत्तम होता. पण त्याचं पाणी फिरवणारा पंप मी पॉवरहाउसच्याच पॅनेलवर जोडला होता, केबल वाचावी म्हणून. फेब्रुवारीत एका रात्री ते पॅनेल जळलं. जनरेटर गेला, त्याची उष्णता गेली, आणि बॉयलर पेटूनही पाणी हलेना. बाहेर उणे अडतीस होतं. पाच तासांत शाळेतलं तापमान एकवीसवरून सहावर आलं. दवाखान्यातल्या दोन म्हाताऱ्यांना गावकऱ्यांनी तेलाच्या शेगड्या असलेल्या घरांत हलवलं. सकाळपर्यंत वीज आली आणि कोणाला इजा झाली नाही, पण शाळेचे नळ तीन ठिकाणी फुटले. त्यानंतर मी कुठलीही योजना बघतो तेव्हा पहिलं बोट पर्यायी पंपाच्या केबलवर ठेवतो, मग उष्णता डिझेलची असो की युरेनियमची.

नळांचीही एक गोष्ट आहे. आर्क्टिकमध्ये जमीन कायम गोठलेली असते. गरम नळ त्यात पुरला की भोवतीचा बर्फ वितळतो, जमीन बसते, नळ मोडतो. उत्तर कॅनडातल्या इनुविक गावात म्हणूनच नळ जमिनीच्या वर, खांबांवर, उष्णतारोधक पेट्यांतून नेलेले दिसतात. हेच भट्टीच्या पायालाही लागू आहे. आणि अणुभट्टी व गावाचं पाणी यांच्यामध्ये एक स्वतंत्र मधला फेरा ठेवतात, आणि गावाकडच्या पाण्याचा दाब जास्त ठेवतात. म्हणजे एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या एक्स्चेंजरची नळी फुटली तरी स्वच्छ पाणी आत घुसतं, आतलं बाहेर येत नाही. साधी युक्ती आहे, पण गावसभेत लोकांना सगळ्यात जास्त धीर याच एका चित्राने मिळतो, हा माझा अनुभव आहे.

घनदाट वस्तीत मात्र नळांचं काम फार सोपं होतं. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या फार्स्ता उपनगराला ओगेस्ता इथल्या, खडक कोरून आत बसवलेल्या भट्टीने १९६४ ते १९७४ ही दहा वर्षं ऊब दिली. उष्णता ५५ मेगावॉट, वीज अवघी दहा. मी वर म्हटलं तसा, ऊब मुख्य आणि वीज जोडधंदा असलेला हा पहिला चोख नमुना. तेल स्वस्त असताना त्याचा हिशोब बसला नाही, म्हणून बंद झाला. तांत्रिकदृष्ट्या फार्स्ताच्या लोकांची खोली उबदार होती आणि बाकी काही जाणवलं नव्हतं.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: माणसं. भट्टी दहापट लहान केली म्हणून माणसं दहापट कमी होत नाहीत. एक खुर्ची चोवीस तास, वर्षभर भरलेली ठेवायची तर रजा, आजारपण, प्रशिक्षण धरून पाच माणसं लागतात. नियंत्रण कक्षात दोन खुर्च्या, पहाऱ्यावर चार, किरणोत्साराची मोजणी करणारा एक, एवढं धरलं तरी पस्तीस झाले. देखभाल आणि व्यवस्थापन मिळून चाळीस समजा. कॅनडाच्या उत्तरेत एका माणसाचा एकूण खर्च वर्षाला दीड लाख डॉलर धरला, तर साठ लाख डॉलर. सरासरी एक मेगावॉटच्या वस्तीत हा खर्च प्रत्येक युनिटवर अडुसष्ट सेंट पडतो, यंत्राचा एक पैसाही न धरता. पाच मेगावॉट पूर्ण खपत असतील तर चौदा सेंट. डिझेल पॉवरहाउस गावातला एक माणूस आणि त्याचा मदतनीस सांभाळतो. म्हणून कंपन्या दूरवरून, बिनमाणसाच्या चालवण्यावर एवढा भर देतात.

याला एक खरा दाखला आहे, पण फार छोटा. कॅनडाची स्लोपोक ही संशोधन भट्टी वीस किलोवॉट उष्णतेची. तिला रात्री माणसाशिवाय चालू ठेवायची परवानगी होती, कारण पाणी जास्त तापलं की ती स्वतःच मंदावते. जमैकात किंग्स्टनच्या विद्यापीठातही १९८४पासून एक आहे. त्याच कल्पनेवर इमारती तापवणारी दोन मेगावॉटची आवृत्ती मॅनिटोबात पिनावाजवळच्या व्हाइटशेल प्रयोगशाळेत १९८७मध्ये चालवून पाहिली. पुढची दहा मेगावॉटची विक्रीसाठी होती, ती कोणी घेतली नाही. वीस किलोवॉटला चाललेला युक्तिवाद पंधरा मेगावॉटला चालेल का, हे कागदावर ठरणार नाही. पहिल्या काही भट्ट्या माणसांसह चालवून, नोंदी ठेवून ते सिद्ध करावं लागेल.

माणसं कमी असण्याचा इतिहास मला म्हणूनच डोळ्यांसमोर ठेवावासा वाटतो. अमेरिकेच्या लष्कराने १९५४पासून दूरच्या तळांसाठी छोट्या भट्ट्यांचा मोठा कार्यक्रम राबवला. आयडाहोत एसएल-१ नावाची तीन मेगावॉट उष्णतेची भट्टी होती, रडार केंद्रांना वीज आणि ऊब द्यायचा नमुना म्हणून. ३ जानेवारी १९६१च्या रात्री देखभालीत तिचा मधला नियंत्रक दांडा, म्हणजे साखळी रोखून धरणारा दांडा, हाताने गरजेपेक्षा खूप वर, अर्ध्या मीटरच्या आसपास उचलला गेला. क्षणात पाण्याची वाफ होऊन भांडं उडालं आणि पाळीवरची तिन्ही माणसं गेली. एकच दांडा वर गेल्याने सगळी भट्टी पेटू शकेल, अशी रचना त्यानंतर मान्य होईनाशी झाली. आजच्या रचना त्या चुकीपासून फार दूर आल्या आहेत. पण 'लहान म्हणजे आपोआप सुरक्षित' असं मला कोणी सांगितलं की मी त्या तिघांची आठवण करून देतो.

ग्रीनलंडच्या बर्फाखालच्या कँप सेंचुरीत १९६० ते १९६३ भट्टी चालली. अंटार्क्टिकात मॅकमर्डो तळावर १९६२ ते १९७२ चाललेली पीएम-३ए पावणेदोन मेगावॉटची होती. दुरुस्तीचा खर्च डिझेलपुढे टिकेना म्हणून बंद झाली, आणि मग ती उचलून, भोवतीची दूषित माती खणून जहाजांनी अमेरिकेला न्यावी लागली. जागा मोकळी घोषित व्हायला १९७९ उजाडलं. अलास्कात फोर्ट ग्रीली तळाला वीज आणि वाफ देणारी एसएम-१ए १९७२ला बंद झाली. ती पुरती उखडून काढायचं कंत्राट दिलं गेलं २०२२मध्ये. पन्नास वर्षं. म्हणून करारात पहिलं कलम असावं ते शेवटच्या दिवसाचं: वापरलेलं इंधन कोण, कुठे, कोणत्या तारखेपर्यंत नेणार, आणि त्याचे पैसे आजच कुठल्या खात्यात ठेवलेत. कंपनी उद्या असेलच असं नाही. कॅनडात चॉक रिव्हरला पंधरा मेगावॉट उष्णतेची भट्टी उभारायला निघालेल्या प्रकल्पामागच्या अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता तुमच्या कारखान्याकडे येतो. गाळप जेमतेम चार-पाच महिने चालतं. बाकीचे सात महिने वाफेला गिऱ्हाईक नाही, आणि आपल्याकडे घरं तापवायची नसतात. गावांना लागणारी वीज ग्रिडवर आहेच. आणि हंगामात तुमच्याकडे बगॅस आहे, जे जाळलं नाही तर ठेवायचं कुठे हा प्रश्न पडतो. ज्या तीन गोष्टींनी उत्तरेत हिशोब जमतो, म्हणजे महागडं इंधन, एकाकीपण आणि वर्षभराची उष्णतेची भूक, त्यातली एकही तुमच्या दारात नाही.

भारतात बातम्यांत येणाऱ्या भट्ट्याही वेगळ्या आकाराच्या आहेत. २०२५च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मोहिमेसाठी वीस हजार कोटींची तरतूद झाली आणि २०३३पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच छोट्या भट्ट्या चालू करायचं उद्दिष्ट ठेवलं. पण 'भारत स्मॉल रिअॅक्टर' म्हणतात तो २२० मेगावॉटचा आहे, मोठ्या पोलाद किंवा सिमेंट कारखान्याच्या मापाचा.

अणूची उष्णता थेट वापरण्याचा अनुभव मात्र आपल्याकडे आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. राजस्थानात कोट्याजवळच्या जड पाणी कारखान्याला शेजारच्या अणुवीज केंद्राची वाफ दिली गेली. कल्पक्कमला मद्रास अणुवीज केंद्राशी जोडून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, दिवसाला ६३ लाख लिटर क्षमतेचा. मला मात्र नेहमी तारापूर आठवतं. १९६९पासून तिथून उष्णता समुद्रात जाते आहे, आणि थोड्याच अंतरावर बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने दिवसरात्र आपापल्या बॉयलरमध्ये इंधन जाळून वाफ करताहेत. समुद्रात जाणारं पाणी कोमट असतं, त्याचा थेट उपयोग नाही, हे मान्य. वाफ टर्बाइनमधून वरच्या दाबावर काढावी लागेल आणि तेवढी वीज घटेल. पण महाराष्ट्रात वर्षभर वाफ पिणारं गिऱ्हाईक शोधायचं असेल, तर ते साखर कारखान्यात नाही, अशा वसाहतींत आहे. तुम्हाला या विषयात अभ्यास करायचाच असेल तर बोईसर, पाताळगंगा, लोटे इथल्या वाफेचा तासावारी आलेख मांडा. किती दाबाची, किती अंश तापमानाची, सुट्टीच्या दिवशी किती. तो आलेख आज कोणाच्या टेबलावर मला दिसलेला नाही, आणि तो नसताना भट्टीचा आकार ठरवणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं.

आणि पहिली भट्टी मी स्वतः कुठे बसवली असती? उत्तर कॅनडातल्या अशा खाणीवर, जिचं आयुष्य किमान वीस वर्षं खात्रीचं आहे, जिला वर्षभर पाच-सात मेगावॉट वीज लागते, आणि जिच्या बोगद्यांतली हवा तापवायला हिवाळाभर डिझेल किंवा प्रोपेन जाळावं लागतं. शेजारी वस्ती असेल तर उरलेली ऊब तिच्या शाळेला, दवाखान्याला, पाण्याच्या टाकीला. खाण बंद झाली तर भट्टी वस्तीच्या गळ्यात पडू नये, हे करारात. डिझेलच्या टाक्या भरलेल्या. पर्यायी पंपाची केबल वेगळी. आणि गावसभेने दोनदा, एक हिवाळा मधे जाऊ देऊन, हो म्हटलेलं.